धिंगरी अळिंबी : आहारमूल्य आणि पाककृती

भाताच्या पेंढ्यावर किंवा गव्हाच्या काडावर धिंगरी अळिंबी घेणारे कित्येक उत्पादक माल बाजारात पाठवितात, पण स्वतःच्या घरी ती शिजवीत नाहीत. मग गिऱ्हाइकाने "ही करायची कशी?" असे विचारले, की उत्तर सुचत नाही. माल उरतो आणि उघड्यावर राहिलेली अळिंबी दुसऱ्या दिवशी कोमेजून पिवळी पडते.

'अळिंबीत मटणाइतकी प्रथिने असतात' असे विक्रीच्या वेळी सर्रास सांगितले जाते. ताज्या अळिंबीबाबत हे खरे नाही. तिच्यात सुमारे ९० टक्के पाणी असते. १०० ग्रॅममध्ये प्रथिने साधारण ३ ग्रॅम, म्हणजे जवळपास दुधाइतकी. वाळलेल्या अळिंबीत हे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास, डाळीच्या जवळ जाते. मात्र १ किलो ताज्या मालापासून जेमतेम १०० ग्रॅम वाळलेली अळिंबी मिळते. तरीही ती आहारात असावी. ज्वारी, बाजरी व गव्हात कमी असणारे लायसिन हे अमिनो आम्ल अळिंबीत असते, त्यामुळे भाकरीशी तिची जोडी चांगली जमते. 'ब' गटातील जीवनसत्त्वे व पालाश मिळते. स्निग्धांश अत्यल्प आणि पिष्टमय पदार्थ कमी असल्याने मधुमेही व्यक्तींनाही ती चालते.

अळिंबी कच्ची खाऊ नये. देठाचा कडक बुडखा कापावा, अळिंबी पाण्यात भिजत न ठेवता झटपट धुवावी आणि हाताने उभ्या पट्ट्या फाडाव्यात. पाव किलो अळिंबीसाठी २ कांदे तेलात परतून आले-लसूण वाटण, हळद व तिखट घालावे. मोठ्या आचेवर अळिंबी टाकावी. तिला सुटलेले पाणी आटू द्यावे; येथे घाई केल्यास भाजी गिळगिळीत होते, आणि नावडीचे कारण बहुधा हेच असते. नंतर भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे वाटण व गरम पाणी घालून १० मिनिटे शिजवावे. मीठ शेवटी घालावे.

उरलेली अळिंबी त्याच दिवशी पट्ट्या करून, खालच्या पापुद्र्यांची बाजू वर ठेवून कडक उन्हात वाळवावी. उन्हामुळे तिच्यात 'ड' जीवनसत्त्वही तयार होते. कडकडीत वाळल्यावर हवाबंद डब्यात भरावी. वापरताना अर्धा तास कोमट पाण्यात भिजवावी. ते पाणी फेकू नये, आमटीत घालावे. भुकटी केल्यास थालीपिठाच्या भाजणीत किंवा भाकरीच्या पिठात मिसळता येते.

पावसाळ्यात रानात उगवणारी अनोळखी भूछत्रे मात्र खाऊ नयेत. चांदीचे नाणे किंवा लसूण काळा पडतो का, ही घरगुती परीक्षा विश्वासार्ह नाही. विषारी भूछत्र शिजवूनही विषारीच राहू शकते.