झोपलेल्या शरीराचाही खर्च असतो

दिवसाला बाराशे कॅलरी. हा आकडा ठळक छापलेला डाएटचा तक्ता कुरकुंभ एमआयडीसीतल्या कामगारांच्या मोबाईलवर सतत फिरत असतो. मला तो एका जिममध्ये मिळाला. वार्षिक मेडिकलमध्ये साखर काठावर आली होती, वजन ८२ किलो भरलं होतं आणि ते उतरवा असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांचं सांगणं योग्यच होतं. तक्ता देणाऱ्याने मात्र ना उंची विचारली, ना वय, ना मी दिवसभर काय काम करतो हे.

सुरुवातीला वजन भराभर उतरलं. पुढे हातपाय गार पडू लागले, नीट झोप लागेना, घरच्यांवर उगाच चिडचिड होऊ लागली. आणि एका नाईटला तिसऱ्या मजल्यावरच्या रिअॅक्टरकडे लोखंडी जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा हातात होता म्हणून निभावलं. केमिकल प्लांटमध्ये आलेली चक्कर एकट्या माणसावर भागत नाही. खाली सॉल्व्हंटच्या लाईनी असतात, शेजारी दुसरे कामगार असतात. म्हणून हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं.

प्लांट शटडाऊनवर असला, एक किलोसुद्धा माल निघत नसला, तरी युटिलिटीचं बिल येतंच. शरीराचंही तसंच आहे. आपण निपचित पडून असलो तरी हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडं चालू असतात. या चार अवयवांचं वजन शरीराच्या जेमतेम पाच-सहा टक्के, पण विश्रांतीतली साठ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा तेच वापरतात. या किमान खर्चाला विश्रांतीचा चयापचय म्हणतात. बैठं काम करणाऱ्याच्या दिवसभराच्या खर्चातला सर्वांत मोठा वाटा हाच असतो. खाल्लेलं पचवायला साधारण दहा टक्के जातात आणि उरलेलं चालण्याफिरण्याला, कामाला.

हा आकडा घरबसल्या काढता येतो. १९९० साली प्रसिद्ध झालेलं मिफ्लिन-सेंट जिओर सूत्र सोपं आहे. किलोतलं वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुषाने त्यात ५ मिळवायचे, बाईने १६१ वजा करायचे. माझं वजन ८२, उंची १६८, वय ४४. उत्तर आलं १६५५. म्हणजे दिवसभर अंथरुणावर पडून राहिलो असतो, तरी लागणाऱ्या ऊर्जेपेक्षा तो तक्ता मला साडेचारशे कॅलरी कमी देत होता, आणि वर मी आठ तासांची पाळी करत होतो.

इथे आपल्या लोकांसाठी एक दुरुस्ती करायला हवी. ही सूत्रं पाश्चात्त्य लोकांच्या मोजमापांवरून बसवलेली आहेत. आपला विश्रांतीचा खर्च त्याहून पाच ते दहा टक्के कमी धरावा लागतो, कारण सारख्याच वजनात आपल्याकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची; पण आपल्या बारक्या बाळांत स्नायू कमी पडले तरी चरबी तेवढी घटलेली नव्हती. २००४ साली याज्ञिकांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. काटकुळ्या दिसणाऱ्या माणसाला साखर कशी लागते, हे मला त्या आकड्यांवरून उमगलं.

दुरुस्ती धरून माझा विश्रांतीचा खर्च १५००-१५७० येतो. त्याला कामाप्रमाणे गुणायचं. पॅनेलसमोर बसणाऱ्याने १.४ ने, प्लांटमध्ये वरखाली करणाऱ्याने १.६ ने, उसाची मोळी वाहणाऱ्याने १.८ किंवा त्याहून जास्त. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींतही हाच फरक दिसतो. ६५ किलोच्या पुरुषाला बैठ्या कामात २११० कॅलरी, मध्यम कष्टात २७१०, जड कष्टात ३४७०. दौंडच्या पट्ट्यात एका पिढीत माणसं शेताला पाणी देण्याच्या बाऱ्यावरून कंट्रोल रूममध्ये आली आणि जेवण मात्र बाऱ्यावरचंच राहिलं. आमच्या भागातल्या वाढत्या पोटांचं हे मोठं कारण आहे, असं मला वाटतं.

नवरा-बायकोने एकच तक्ता पाळणं तर फारच चुकीचं. ३८ वर्षांच्या, ५५ किलोच्या, १५२ सेंटिमीटर उंचीच्या बाईचा सूत्राने येणारा खर्च ११४९. घरकामाएवढीच हालचाल असेल तर तिची रोजची गरज पंधराशेच्या आसपास. खुरपणीला जात असेल तर दोन हजारांच्या घरात.

फार कमी खाल्लं की शरीर स्वतःचा खर्चच आवळतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना चोवीस आठवडे सोळाशेच्या आसपास कॅलरींवर ठेवलं. त्यांचा विश्रांतीचा खर्च जवळपास चाळीस टक्क्यांनी उतरला, ते थंडीने कुडकुडू लागले, मनात सतत अन्नाचे विचार. उपासमारीच्या प्रयोगात सोळाशे होत्या आणि आपल्याकडे बाराशेला डाएट म्हणतात, हे वाचून मी सुन्न झालो.

मी आता रोजच्या गरजेतून तीन-चारशे कमी करतो आणि विश्रांतीच्या खर्चाखाली जात नाही. वजन हळू उतरतं, पण अंगात त्राण राहतं. त्यासाठी भाकरी सोडावी लागली नाही. एका मध्यम बाजरीच्या भाकरीत सव्वादोनशेच्या आसपास कॅलरी असतात. कात्री लागली ती तेलाला, कारण एका छोट्या चमच्यात ४५ कॅलरी, आणि पाळीतल्या गोड चहांना. गुळाच्या चहाने वजन वाढत नाही हा समज सोडा, गूळ आणि साखर यांत कॅलरींचा फरक नगण्य आहे. कुरकुंभ चौकातला एक वडापाव तीनशेच्या घरात जातो. तेवढं जाळायला माझ्यासारख्याला तासभर भरभर चालावं लागतं.

प्रथिनं मात्र कमी करू नका. किलोमागे ०.८३ ग्रॅम ही किमान शिफारस आहे. मटकी, हरभरा, अंडी, दही यांनी ती भागते. पोट रिकामं ठेवून फक्त चालत राहिलं तर चरबीसोबत स्नायूही झिजतात, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, जोर असा स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवाच.

नवरात्रात कुरकुंभच्या फिरंगाईदेवीचे नऊ दिवसांचे उपवास आमच्यातले बरेच जण धरतात. साबुदाण्यात कॅलरी भरपूर, प्रथिनं जवळपास नाहीत, म्हणून सोबत शेंगदाणे, दूध, दही ठेवा. निरंकार उपवास असेल तर सुपरवायझरला आधी सांगून उंचावरचं काम टाळा. साखर उतरवणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांकडून डोस बदलून घेतल्याशिवाय ना उपवास धरा, ना जेवण कमी करा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी वरचं गणित स्वतःला लावूच नये. त्यांची गरज वेगळी आणि जास्त असते.