वारसास्थळे आणि अभ्यागतांचा अनुभव

दिल्लीतील कुतुबमिनार संकुल व हुमायूनची कबर यांचा १९९३ मध्ये, तर लाल किल्ल्याचा २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. अशा स्थळांच्या लोकप्रियतेचे मोजमाप सामान्यतः तिकीटविक्रीवरून केले जाते. परंतु आलेल्या व्यक्तीने काय पाहिले, तिला काय उमगले आणि ती कशामुळे निराश होऊन परतली, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. शिवाय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश निःशुल्क असल्याने, केवळ विकलेल्या तिकिटांच्या हिशेबात शालेय सहलींतील मुले येत नाहीत. ही उणीव भरून काढणाऱ्या अभ्यासशाखेस ‘अभ्यागत-अभ्यास’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखात तिची ओळख दिल्लीतील उदाहरणांच्या आधारे करून दिली आहे.

संकल्पनेचा विकास

बोस्टन येथील ललितकला संग्रहालयाचे बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्ये ‘संग्रहालयातील थकवा’ ही संकल्पना मांडली. मांडणीतील वस्तू नीट पाहण्यासाठी माणसाला किती वाकावे व ताणावे लागते, हे त्यांनी छायाचित्रांद्वारे दाखविले. थकव्याचा दोष प्रेक्षकाच्या उदासीनतेकडे नसून पुष्कळदा मांडणीकडे असतो, हा त्यातील महत्त्वाचा निष्कर्ष होय. राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहातील मोहेंजोदडोची ‘नर्तकी’ अवघी साडेदहा सेंटिमीटर उंच आहे. अशी वस्तू कोणत्या उंचीवर व कोणत्या प्रकाशात ठेवली जाते, यावर ती दिसणे वा नजरेतून निसटणे अवलंबून राहते.

पुढे १९२० व १९३० च्या दशकांत एडवर्ड रॉबिन्सन व आर्थर मेल्टन यांनी अमेरिकेतील संग्रहालयांत प्रेक्षकांच्या हालचाली व थांबण्याचा कालावधी यांच्या नोंदी घेतल्या. १९९२ मध्ये जॉन फॉक व लिन डिअर्किंग यांनी अनुभवाचे तीन संदर्भ सांगितले: वैयक्तिक, सामाजिक आणि भौतिक. व्यक्ती कोणते पूर्वज्ञान घेऊन येते, कोणासोबत येते आणि कशा वास्तूत वावरते, या तिन्हींतून तिचा अनुभव घडतो.

वैयक्तिक संदर्भाचे एक उदाहरण लाल किल्ल्यात मिळते. तेथील दिवाण-इ-खासचे चांदीचे छत सदाशिवरावभाऊंच्या सैन्याने १७६० मध्ये काढून घेतले. पानिपतचा इतिहास ऐकत वाढलेला मराठी अभ्यागत या दालनासमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्या मनात येणारे विचार इतर प्रांतांतील वा परदेशी पाहुण्यांच्या विचारांहून वेगळे असू शकतात. त्याचप्रमाणे राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहातील पिप्रहवा येथील बुद्ध-अवशेषांकडे एक जण पुरातत्त्वीय पुरावा म्हणून पाहतो, तर दुसरा श्रद्धेने नतमस्तक होतो. एकच माहितीफलक दोघांनाही पुरेसा ठरेल, असे गृहीत धरता येत नाही.

अभ्यासाच्या पद्धती

१. निरीक्षण : अभ्यागत कोणत्या मार्गाने फिरला, कोठे किती वेळ थांबला, याची नोंद घेतली जाते. त्यावरून वर्तन समजते. कारण समजत नाही.

२. प्रश्नावली : कमी वेळात अनेकांची मते मिळतात. मात्र सौजन्यापोटी ‘छान आहे’ असे उत्तर देण्याची प्रवृत्ती निष्कर्ष दूषित करते.

३. मुलाखत व गटचर्चा : अनुभवाचा अर्थ उलगडतो, परंतु नमुना लहान राहतो.

म्हणून या पद्धती परस्परपूरक म्हणून वापराव्या लागतात. जे लोक येतच नाहीत, त्यांचा अभ्यासही तितकाच आवश्यक आहे. प्रवेशद्वारावर केलेल्या पाहणीत भाषा, अपंगत्व किंवा संकोच यांमुळे दूर राहिलेल्यांचा आवाज उमटत नाही.

दिल्लीतील धडा

कुतुब संकुलातील सुमारे सात मीटर उंचीच्या लोहस्तंभाला पाठ टेकून हातांचा विळखा घातल्यास इच्छा पूर्ण होते, अशी समजूत रूढ होती. सततच्या स्पर्शामुळे स्तंभाची हानी होऊ नये म्हणून १९९७ मध्ये त्याभोवती कुंपण घालण्यात आले. संरक्षणाच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. तथापि, लोकांना वारसा केवळ पाहावयाचा नसतो, त्याच्याशी जवळीकही साधावयाची असते, हे या वर्तनातून दिसून येते. संरक्षणास बाधा न आणता ही गरज भागविता येते. राष्ट्रीय संग्रहालयाने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘अनुभव’ या दालनात दृष्टिबाधितांना प्रतिकृती हाताळून कलावस्तू समजून घेता येतात, हे त्याचे उदाहरण.

धोरणात्मक महत्त्व

मूल्यमापनाचे तीन टप्पे मानले जातात. आराखड्यापूर्वीच्या प्रारंभिक टप्प्यात लोकांचे पूर्वज्ञान व अपेक्षा तपासतात. मांडणी सुरू असताना नमुने लोकांपुढे ठेवून सुधारणा करतात. आणि उद्घाटनानंतर प्रत्यक्ष परिणाम पाहतात. पहिल्या टप्प्यातील दुरुस्ती कागदावर होते. अखेरच्या टप्प्यातील दुरुस्तीसाठी भिंती हलवाव्या लागतात.

नॉर्थ ब्लॉक व साउथ ब्लॉक या वास्तूंत ‘युगे युगीन भारत’ हे नवे राष्ट्रीय संग्रहालय उभारण्याचा संकल्प २०२३ मध्ये जाहीर झाला. एवढ्या मोठ्या सार्वजनिक खर्चाच्या प्रकल्पात अभ्यागत-अभ्यासाला आरंभापासून स्थान मिळणे हितावह ठरेल. परदेशातील निष्कर्ष जसेच्या तसे स्वीकारून मात्र चालणार नाही. एकट्याने शांतपणे फिरणारा प्रेक्षक गृहीत धरून केलेली मांडणी कुटुंबासह वा शाळेच्या रांगेतून येणाऱ्यांना अपुरी पडू शकते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४९ नुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे रक्षण ही राज्याची जबाबदारी आहे, तर अनुच्छेद ५१-क नुसार आपल्या संमिश्र संस्कृतीच्या समृद्ध वारशाचे मोल जाणणे व तो जतन करणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. मोल जाणण्यासाठी आधी ते कळावे लागते. ते कळते की नाही, हे तपासण्याचे साधन म्हणून अभ्यागत-अभ्यासाकडे पाहिले पाहिजे.