घरून कॅटरिंग सुरू करताय? भांडी घेण्याआधी एका ताटाचा हिशोब करा



व्हिडिओत मी आकडे पटापट सांगून गेलो. तेच इथे सावकाश लिहितोय, म्हणजे तुम्हाला वहीत उतरवून घेता येतील.

सुरुवात माझ्या घरापासून करतो. २०११ साली मी बीबीएच्या शेवटच्या वर्षाला होतो. वडिलांचं काम सुटलं होतं, म्हणून आईने बारसं, डोहाळजेवण, सत्यनारायण अशा ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. तिच्या हाताला चव आहे, त्यामुळे ऑर्डरी कधी कमी पडल्या नाहीत. तरीही आठ महिन्यांत काम बंद करावं लागलं, कारण किराणा दुकानातली उधारी वाढतच चालली होती. एवढं काम असून पैसा जातो कुठे, म्हणून एक दिवस मी तिची वही घेऊन बसलो. ५० माणसांचं बारसं, ७० रुपये ताट, जमा ३,५०० रुपये. खर्च ३,३४०. म्हणजे १६० रुपये सुटले, असं आई धरून चालली होती. मी विचारलं, "यात गॅस कुठे लिहिलाय?" म्हणाली, "तो घरचाच की." मसाला? घरचाच. मदतीला आलेल्या काकूंना साडी दिली, तीही कपाटातलीच. वडिलांनी स्कूटरवरून चार फेऱ्या मारल्या, ते पेट्रोल तर कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मी कॉलेजात कॉस्ट अकाउंटिंगचे पेपर देत होतो आणि घरात हे चाललं होतं! आजही आठवलं की वाईट वाटतं.

आज माझं भांड्यांचं दुकान आहे. महिन्यातून दोन-तीन जण तरी येतात आणि म्हणतात, "कॅटरिंग सुरू करतोय, मोठी पातेली दाखवा." मी आधी विचारतो, तुमचं एक ताट कितीला पडतं? बहुतेकांना सांगता येत नाही. त्यामुळे आज एकच गोष्ट नीट करू या.

समजा, ३० माणसांची ऑर्डर आहे. मेनू साधा: पुरी, बटाट्याची भाजी, मटकीची उसळ, मसालेभात, कोशिंबीर, श्रीखंड, मठ्ठा. माणशी ५ पुऱ्या धरल्या तर कणीक ३ किलो. भाताला तांदूळ माणशी ७५ ग्रॅम, म्हणजे सव्वादोन किलो. बटाटे ४ किलो, मटकी सव्वा किलो, श्रीखंड माणशी १०० ग्रॅमप्रमाणे ३ किलो. तेल, दही, खोबरं, कोथिंबीर, मसाले वेगळे. भाव तुमच्या गावचे घाला. मी उदाहरणासाठी या सगळ्याचे २,६०० रुपये धरतो. म्हणजे एका ताटाला ८७ रुपये.

इथेच बहुतेकांची गाडी चुकते. "किराण्याच्या दीडपट रेट लावायचा," असं कुणीतरी सांगितलेलं असतं. दीडपट म्हणजे १३० रुपये. ऐकायला बरं वाटतं, ताटामागे ४३ रुपये नफा!

आता उरलेलं लिहा. वाया जाणं आणि जास्तीचं वाढणं यासाठी किराण्याच्या १० टक्के, म्हणजे २६०. गॅस २००. मदतनीस मावशी ५००. रिक्षा किंवा टेम्पो ३००. भाड्याची भांडी ३००. द्रोण, पत्रावळी, वाट्या, पिशव्या २००. किराण्यासकट बेरीज ४,३६०. ताट पडलं १४५ रुपयांना आणि तुम्ही विकलं १३० ला. ३० ताटांमागे ४६० रुपये खिशातून गेले.

अजून तुमची स्वतःची मजुरी धरलेलीच नाही. आदल्या दिवशीच्या बाजारापासून भांडी परत करेपर्यंत १० तास सहज जातात. तासाला ८० रुपये धरा, ८०० झाले. एकूण ५,१६०, म्हणजे ताट १७२ रुपये. त्याच्यावर नफा, आणि नफा म्हणजे तुमचा पगार नव्हे, तो वेगळा. म्हणजे या मेनूचा रेट २०० ते २१० च्या खाली येत नाही. "एवढं कोण देणार?" असं वाटत असेल तर मेनू बदला. श्रीखंड काढून शिरा ठेवा, मटकी काढा. रेट मात्र तोडू नका. पहिल्या ऑर्डरीला ओळखीत १३० लावलेत की पुढच्या वर्षीही ती वहिनी १३० च देणार आणि तिच्या जावेलाही तोच आकडा सांगणार.

आता भांडी. माझ्या दुकानाचं नुकसान करून सांगतो: पहिल्या पाच ऑर्डरी होईपर्यंत पातेली घेऊ नका. मंडप डेकोरेशनवाल्यांकडे ती भाड्याने मिळतात. तोपर्यंत दोनच वस्तू घ्या, एक चांगला वजनकाटा आणि एक जाड वही. काटा आईकडे नव्हता. ती अंदाजाने टाकायची. अंदाज चवीला चालतो, पण पुढच्या वेळी किती आणायचं ते अंदाजाने कळत नाही. प्रत्येक ऑर्डरीनंतर काय किती उरलं तेही मोजून लिहा. तिसऱ्या ऑर्डरीपासून तुमची खरेदी आपोआप आटोक्यात येईल.

गॅसबद्दल स्पष्ट बोलतो. घरगुती १४.२ किलोचा सिलेंडर धंद्याला वापरता येत नाही, तो गुन्हा आहे. आमच्या घरीही तेव्हा तेच झालं होतं, हे कबूल करतो. धंद्याचा सिलेंडर १९ किलोचा असतो. तेवढ्या डिपॉझिटची तयारी नसेल तर एजन्सीत ५ किलोच्या बाजारभावाच्या सिलेंडरची चौकशी करा.

एफएसएसएआयमध्ये लोक एक चूक करतात. घरगुती डबे आणि छोटी खानावळ यांना कमी उलाढालीवर साधी नोंदणी चालते. पण समारंभाला जेवण पुरवणारा 'कॅटरर' हा प्रकार कायद्याने त्या छोट्या नोंदणीतून वगळलेला आहे, त्याला परवाना काढावा लागतो. फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर अर्ज भरताना व्यवसायाचा प्रकार नीट वाचून निवडा. शंका असेल तर जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या ऑफिसात जाऊन विचारा. उद्यम नोंदणी फुकट आहे. त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका.

आता किती माणसांची ऑर्डर घ्यायची? ते तुमची शेगडी ठरवते. ३० माणसांच्या १५० पुऱ्या एकीने लाटायच्या आणि एकीने तळायच्या म्हटलं तरी तास-सव्वा तास जातो. त्या वेळात दुसऱ्या बर्नरवर फक्त एक पातेलं बसतं. मग ८० माणसांचं कसं करणार? भात सकाळी सहालाच करून ठेवायचा, असा मार्ग लोक काढतात. तसं करू नका. शिजवलेलं अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर गरम राहिलं पाहिजे, किंवा गार पदार्थ असेल तर ५ अंशांपर्यंत थंड. मध्ये तासन् तास कोमट राहिलेला भात पोट बिघडवतो. मे महिन्यात श्रीखंड बर्फाच्या पेटीतून न्या, नाहीतर मेनूत घेऊच नका. एका कार्यक्रमात चार जणांना त्रास झाला की तुमचं नाव गल्लीभर होतं, आणि ते पुसायला वर्षं जातात.

शेवटचं, पैशांचं. ३० सांगितले आणि ४२ आले, हे होणारच. म्हणून ऑर्डर ठरली की फोनवर बोलून सोडून देऊ नका, व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाका. मी शिकवताना हा देतो, तसाच उचला:

"काकू, नमस्कार. रविवारी दुपारी १२ वाजता, ३० ताटं, मेनू वरीलप्रमाणे, ताट २१० रुपये, पोहोचवण्यासकट. ॲडव्हान्स निम्मा, ३,१५० रुपये. माणसं वाढली तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा. त्यानंतर ५ ताटांपर्यंतच सोय होईल, ती २३० रुपयांप्रमाणे. बाकी रक्कम जेवण पोहोचल्यावर. ठीक असेल तर 'हो' लिहा."

"हो" आणि ॲडव्हान्स, दोन्ही आल्याशिवाय बाजाराला जायचं नाही. नातेवाईक असले तरी नाही. पहिल्यांदा लाज वाटेल, माझ्या आईला तर फार वाटायची. दोन वर्षांनी तिने पुन्हा छोट्या ऑर्डरी सुरू केल्या, तेव्हा पहिला मेसेज मीच टाइप करून दिला होता, सख्ख्या मावशीला. मावशीने दहा मिनिटांत "हो" लिहिलं आणि पैसेही पाठवले.