मूळव्याध म्हणून सोडून दिलेलं रक्त

काकांना शौचातून रक्त जायला लागलं तेव्हा घरात कोणीच दचकलं नाही. मूळव्याध असणार, तिखट सोडा, ताक प्या, एवढंच सगळे म्हणाले. मुरुडजवळ सुपारीची वाडी सांभाळणाऱ्या काकांनी मलम आणलं, चूर्ण घेतलं. ज्या दवाखान्यात दाखवलं, तिथे गुदद्वारातून बोटाने तपासणी झालीच नाही. मधेच रक्त थांबायचं आणि सगळे निर्धास्त व्हायचे. पावसाळा सरला, दिवाळी झाली. वजन उतरत गेलं, परसाकडला जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखं वाटेना, वाडीचं शिंपण करताना दम लागू लागला. हिमोग्लोबिन फार कमी निघालं तेव्हा कुठे दुर्बिणीतून तपासणी (कोलोनोस्कोपी) झाली. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणावर गाठ होती. बायोप्सीत कॅन्सर निघाला.

हा कॅन्सर बहुधा आतड्याच्या अस्तरावरच्या पॉलिपमधून वर्षानुवर्षं वाढत येतो. अस्तराखालच्या थरात लसिकावाहिन्यांचं बारीक जाळं असतं. रोगट पेशी तिथवर उतरल्या की लसिकेबरोबर वाहत आतड्यालगतच्या चरबीतल्या लसिकाग्रंथींत शिरतात आणि तिथून रक्तवाहिनीच्या कडेने वरच्या ग्रंथींकडे सरकतात. म्हणून सर्जन नुसती गाठ काढत नाहीत. आतड्याचा तो भाग, त्याला धरून असलेली चरबी आणि तिच्यातल्या ग्रंथी अखंड काढतात.

खरा निकाल लागतो तो त्यानंतर.

काढलेला भाग फॉर्मॅलिनमध्ये ठेवला जातो. पॅथॉलॉजिस्ट ती चरबी चिरत, बोटांनी चाचपत मसुराएवढ्या, कधी त्याहून लहान ग्रंथी शोधून काढतात आणि त्यांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निदान १२ ग्रंथी तपासाव्यात, असा जगभरचा संकेत आहे. त्याहून कमी सापडल्या, तर ‘ग्रंथी स्वच्छ’ या शेऱ्यावर पुरती भिस्त ठेवता येत नाही. सीटी स्कॅनही इथे अपुरा पडतो, कारण तो मुख्यतः ग्रंथीचा आकार आणि ठेवण दाखवतो. लहान ग्रंथीत रोग असू शकतो आणि मोठी ग्रंथी नुसत्या सुजेनेही फुगलेली असू शकते.

काकांच्या रिपोर्टात १८ पैकी ३ ग्रंथींत रोग होता. म्हणजे तिसरा टप्पा. ते ऐकून घर हादरलं. पण तिसऱ्या टप्प्यात यकृत-फुफ्फुसांसारख्या दूरच्या अवयवांत रोग गेलेला नसतो आणि उपचार बरं करण्यासाठीच केले जातात, हे डॉक्टरांनी नीट समजावलं. अशा रुग्णांना ऑपरेशननंतर सहसा केमोथेरपी देतात. १ ते ३ ग्रंथींत रोग असेल तर एक गट, ४ किंवा जास्त असतील तर दुसरा. त्यावरून आणि गाठ किती खोल गेली यावरून औषध किती महिने द्यायचं, याचा विचार होतो. त्यामुळे ऑपरेशन झालेल्या प्रत्येक घराने दोन आकडे विचारावेतच: ग्रंथी किती तपासल्या, आणि रोग किती ग्रंथींत होता?

रायगडकरांना या उपचारांसाठी मुंबईच गाठायला हवी असं नाही. परळच्या टाटा मेमोरियलच्याच छत्राखालचं अ‍ॅक्ट्रेक हे केंद्र आपल्याच जिल्ह्यात, खारघरला आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करावी.

शौचातून रक्त जात असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, कारण नसताना रक्त कमी झालं असेल, तर वय कितीही असो, डॉक्टरांना स्वतःहून विचारा: मला कोलोनोस्कोपीची गरज आहे का? घरात आधी कोणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर तेही लपवू नका.