स्वतःचाच खटला लढणारा वकील

सखाराम गणेश पंडित हे नाव मराठी कानाला परके वाटत नाही. त्यांचा जन्म १८७५ मध्ये अहमदाबाद येथे झाला. कर्मभूमी मात्र दूरची अमेरिका ठरली. तेथे १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्यांना नागरिकत्व दिले. पुढे १९१७ मध्ये ते कॅलिफोर्नियात वकील झाले.

परदेशातून आलेल्या माणसास अमेरिकेचा नागरिक व्हावयाचे, तर तो गोरा किंवा आफ्रिकी वंशाचा असावा लागे. गोरा कोणास म्हणावे, हे मात्र कायद्याने कोठेच सांगितले नव्हते. नोव्हेंबर १९२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाचा अर्ज फेटाळला. तो कॉकेशियन वंशाचा नव्हे, हे त्याचे कारण. तीनच महिन्यांनी भगतसिंग थिंद यांचा खटला आला. थिंद पहिल्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांच्या वकिलांत पंडितही होते. शास्त्रज्ञ उत्तर भारतीयांस कॉकेशियनच मानतात, हा त्यांचा आधार. त्यावर न्यायालय म्हणाले, शास्त्र काहीही सांगो. सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो, तोच गोरा! तीन महिन्यांत माप असे बदलले.

आता पूर्वी दिलेली नागरिकत्वेही काढून घेण्यासाठी सरकारने दावे लावले. त्यांतील एक खुद्द पंडितांवर होता. नागरिकत्व गेले असते, तर त्यांची वकिली गेली असती. त्यांच्या अमेरिकन पत्नीचे नागरिकत्वही धोक्यात होते. ब्रिटिश प्रजाजनत्व त्यांनी पूर्वीच सोडले होते. म्हणजे ते कोणत्याच देशाचे उरले नसते.

थिंद यांच्या निकालानंतर वंशाचा वाद पुन्हा घालण्यात अर्थ नव्हता. पंडितांनी निराळीच वाट धरली. १९१४ मध्ये सरकारी अधिकाऱ्याचे आक्षेप ऐकूनच न्यायालयाने निर्णय दिला होता. सरकारने त्यावर अपील केले नाही. एकदा पक्का झालेला आणि ज्यावर विसंबून माणसाने आपला संसार उभारला असा निर्णय, इतक्या वर्षांनी कसा उलटविता येईल? हा युक्तिवाद साधा होता, पण बिनतोड होता. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने पंडितांच्या बाजूने निकाल दिला. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे गाऱ्हाणे ऐकण्याचेही नाकारले. त्यानंतर इतर भारतीयांवरील उरलेले दावे सरकारने सोडून दिले.

नव्याने येणाऱ्या भारतीयांस मात्र याचा लाभ नव्हता. त्यांच्यासाठी नागरिकत्वाचे दार १९४६ च्या कायद्याने उघडले. त्या वेळी पंडितांनी सत्तरी गाठली होती.