शीतकपाटाच्या नळ्यांवरील बर्फ : दोष कसा ओळखावा

कर्जत व खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशीं असल्यामुळें पावसाळ्यांत येथील हवा ओलाव्यानें भरलेली असते. दूध किंवा कोंबड्यांच्या लसी राखण्यासाठीं जें शीतकपाट, म्हणजे फ्रीज, आपण घरीं ठेवितों, त्याच्या नळ्यांवर ह्याच दिवसांत बर्फाचे थर चढतात. अशा वेळीं “गॅस संपला” असें ठरवून पुष्कळ जण तो भरून घेतात. हें नाडी न पाहतां औषध देण्यासारखें आहे.

नळ्यांत फिरणारा द्रव कमी दाबाखालीं उकळून वायुरूप होतो व त्यास लागणारी उष्णता आंतील हवेंतून ओढून घेतो. नळी शून्य अंशाखालीं गेली म्हणजे हवेंतील वाफ तिजवर गोठते. पातळ दंव हा दोष नव्हे. परंतु थर जाड झाला कीं तो उष्णतेस आडवा येतो. मग यंत्र अखंड चालतें, वीज जळते, आणि दूध मात्र नासतें.

म्हणून बर्फ किती आहे ह्यापेक्षां तो कोठें आहे हें पाहावें. प्रथम यंत्र बंद करून सर्व बर्फ वितळूं द्यावा, नळ्या पुसून कोरड्या कराव्या, व यंत्र पुन्हां सुरू करून बर्फ कसा धरतो तें लक्षांत घ्यावें.

१. सर्व नळ्यांवर सारखाच जाड थर : बहुधा ओली हवा आंत शिरते. दारांत कागदाची पट्टी धरून दार लावावें. ती सहज निघाली तर तेथील रबर ढिलें आहे. ऊन दूध व उघडीं भांडीं आंत ठेवूं नयेत. आपोआप बर्फ वितळविणारें शीतकपाट असल्यास त्याचा हीटर तपासवावा.

२. आरंभीच्या थोड्या भागावरच बर्फ, पुढील नळी कोरडी : वायु गळला आहे, अथवा बारीक केशनळी तुंबली आहे. गळती शोधून बंद केल्यावांचून नुसता वायु भरणें व्यर्थ होय.

३. परतीच्या नळीवर थेट कॉम्प्रेसरपर्यंत बर्फ : वायु प्रमाणाबाहेर भरला आहे, किंवा आंतील पंखा बंद पडला आहे. न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरांत गेल्यास तो निकामी होतो. सबब यंत्र लगेच बंद करून कारागीर बोलवावा.

बर्फ सुरीनें खरवडूं नये. नळीस भोंक पडतें. नव्या शीतकपाटांपैकीं पुष्कळांत आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायु असतो, तेव्हां दिवा किंवा जाळ जवळ नेऊं नये.

लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्यें राहिल्या पाहिजेत. तेलयुक्त लस एकदां गोठली कीं निरुपयोगी होते, म्हणून कुपी नळ्यांस टेकवूं नये. आंत एक तापमापक ठेवून तो रोज सकाळीं पाहावा; दोष नुकसानीच्या आधीं कळतो.