निळी खूण

लेक तेव्हा नऊ महिन्यांची होती. पुण्याहून साताऱ्याला निघालो होतो. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मांडीवर घे की तिला! एवढंसं लेकरू कशाला बांधून ठेवतेस?" मी ऐकलं नाही. नवी कार सीट आदल्या रात्री मीच बसवली होती. बकल खट्‌कन लागलं, तेव्हा काम झालं असं मला वाटलं होतं.

शिरवळच्या पुढे दुभाजकातून एक मोटरसायकल आडवी आली. नवऱ्यानं करकचून ब्रेक दाबला. टक्कर टळली, पण माझ्या शेजारची सीट बाळासकट पुढे घसरली आणि पुढच्या सीटच्या पाठीवर आदळली. लेकीला खरचटलंही नाही. ती मात्र घाबरून रडत होती, आणि माझ्या हातात सैल पडलेला बेल्ट होता.

साताऱ्याला पोचल्यावर सीटवरचं लेबल पहिल्यांदा नीट वाचलं. बाळाचं तोंड मागे असेल तर बेल्ट निळ्या खुणांमधून न्यायचा, पुढे असेल तर लाल. मी सीट मागे तोंड करून ठेवली होती आणि बेल्ट लाल खुणांतून ओवला होता. त्या दिवसापासून शिकले ते सांगते.

बेल्ट योग्य खाचेतून, पीळ न पडू देता न्या. सीटवर गुडघ्यानं भार देऊन तो ताणा आणि सीटला लॉक असेल तर लावा. आपल्या गाड्यांचे मागचे बेल्ट बहुधा झटका बसल्यावरच अडकतात, एरवी सैल सुटतात. मग बेल्ट जातो तिथेच सीट धरून हलवा. २.५ सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली, तर पुन्हा बसवा.

आयसोफिक्स, म्हणजे बेल्टऐवजी गाडीतल्या कड्यांना कार सीट अडकवायची सोय, असेल तर दोन्ही कड्या अडकल्याची हिरवी खूण दिसली पाहिजे. त्यानंतर सीटला असेल तो आधाराचा पाय किंवा वरचा पट्टाही लावायचाच.

तोंड मागेच ठेवा. तान्ह्या बाळाचं डोकं जड आणि मान कोवळी असते. समोरून धक्का बसला तर सीटची पाठ डोकं, मान, पाठ सगळं एकदम सावरते. युरोपच्या आर१२९ नियमात किमान १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच ठेवायला सांगितलं आहे. सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसत असेल, तर त्यानंतरही घाई नको. मात्र समोर चालू एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर अशी कार सीट कधीही ठेवू नका. उघडणारी एअरबॅग थेट बाळाच्या पाठीमागच्या कवचावर आदळते.

खांद्याचे पट्टे मागे तोंड असताना खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली, पुढे तोंड असताना रेषेत किंवा किंचित वर असावेत. पट्टा चिमटीत धरता आला, तर तो सैल आहे. जाड स्वेटर काढून ठेवा. थंडी असेल तर पट्टे लावल्यावर वरून शाल पांघरा. वापरलेली सीट घेताना ती अपघातात सापडली होती का, हे ठाऊक नसेल तर घेऊ नका.

सासूबाईंना तेव्हा सांगता आलं नाही, ते आता सांगते. ताशी ५० किलोमीटरनं धावणारी गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर ९ किलोच्या बाळाला धरून ठेवायला सव्वाशे किलोंचा जोर लागतो. तेवढा कुठल्याच आईच्या हातात नसतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं १४ वर्षांखालील मुलाला न बांधता नेल्यास १००० रुपये दंडही ठेवला आहे. पण दंड भरून सुटता येतं, धक्क्यातून नाही.

सामानासाठी सीट काढली, धुतली, दुसऱ्या गाडीत नेली, की बेल्ट पुन्हा सैल होतो. म्हणून प्रत्येक वेळी गाडी सुरू करण्याआधी सीटला हात लावा, हलवा आणि निळी खूण बघा.